जहाजाचं वरण

“न्हाई, सिस्टर तर वारल्या. त्यांच्या घरी एक पाव्हणे राहतेत, त्यांच्याकडं द्या,” पुजा कंपाउंडच्या भिंतीपलीकडून फोनवर कुणाला तरी सांगत होती, आणि भिंतीअलीकडं दोरीवर टॉवेल वाळत घालणाऱ्या रत्नपालच्या हातातला चिमटा हातातच राहिला. पुजा म्हणजे शेजारच्या जिवनबाईची सून. मागच्या उन्हाळ्यात लग्न होऊन सेनगावकडच्या तांड्यावरून ती इथं हिंगोलीत आली, तेव्हा संध्याला जाऊन दोन-तीन महिने झाले होते. तिनं संध्याला कधी पाहिलं नव्हतं, पण सासूच्या तोंडून रोज ऐकून ते घर तिच्या लेखी सिस्टरचंच होतं. त्यात खालमानेनं ये-जा करणारा, पांढऱ्या मिशीचा, कुणाशी फारसं न बोलणारा जो माणूस राहत होता तो सिस्टरच्या नात्यातला कुणीतरी असणार, हे तिनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पत्ता सांगावा तसा तिनं सांगितला होता. थोड्या वेळानं कुरिअरवाला फाटकाशी आला. “पाव्हणे, इथं सही करा,” म्हणाला. पुण्याहून आकांक्षानं, त्याच्या मुलीनं, स्वेटर पाठवलं होतं. जानेवारी संपत आला होता आणि यंदा थंडी हटायला तयार नव्हती. आभाळ दोन दिवस मळकट होऊन बसलं होतं. रत्नपालनं सही केली, आणि आपण दुसऱ्याच कुणाचं तरी पाकीट घेतोय असं त्याला उगाच वाटून गेलं.

पाव्हणे. घरात येऊन त्यानं पाकीट टीपॉयवर ठेवलं आणि तो खुर्चीत बसला. राग यायला हवा होता, पण राग यायचा तर माणसाला पाय रोवून उभं राहायला जागा लागते, आणि ती जागाच त्याला सापडेना. हे घर त्याच्या पगारातून उभं राहिलं, हे खरं. पण प्लॉट बघितला संध्यानं, गवंड्यांशी भांडली संध्या, आणि नाइट ड्यूटी करून आल्यावर ओल्या भिंतींवर पाणी मारलं तेही तिनंच. तो तेव्हा कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून थांबलेल्या जहाजात कांदे चिरत होता, आणि रेंज आली की मोबाइलवर एकामागून एक फोटो येऊन पडायचे. जोतं, भिंती, स्लॅब, रंग. सुट्टीवर आला तेव्हा घर तयार होतं, आणि पहिल्या रात्री त्यानं बायकोला विचारलं होतं, बाथरूमच्या दिव्याचं बटण कुठंय. ती हसली होती. बटण बाहेर, दाराच्या डाव्या हाताला होतं. अजूनही त्याचा हात आधी उजवीकडं जायचा. सुट्टीवर आला की ती कपाटातली चांगली चादर काढायची, नवा साबण ठेवायची, मटण आणायची. लहानपणी आकांक्षा पहिले दोन दिवस दाराआडून त्याच्याकडं बघायची आणि तिला पुरती ओळख पटेपर्यंत त्याची निघायची बॅग भरून व्हायची. म्हणजे पाहुणा तर तो तेव्हाही होताच. फक्त तेव्हा त्याचं आदरातिथ्य होत होतं. आता पाहुणचार करणारी गेली होती आणि पाहुणा मागं राहिला होता.

त्याच्या गावाकडं, शिरड शहापूरला, रत्नपाल समुद्रावर नोकरी करतो हे लोकांना शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं. नांदेडच्या एका हॉटेलच्या भटारखान्यात तो कामाला होता, तिथल्या ओळखीनं मुंबईचा एजंट भेटला आणि ज्यानं तोवर येलदरीच्या धरणापलीकडं मोठं पाणी पाहिलं नव्हतं तो पोरगा मालवाहू जहाजाच्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, भांडी घासायला लागला. मग मदतनीस झाला, मग चीफ कुक. जहाजावर वीस-बावीस माणसं असायची आणि त्यांच्या दिवसाला जो काही आकार असायचा तो गॅलीच्या वेळांवर ठरायचा. कुणाला अंडं कसं लागतं, कोण घरून फोन आल्यावर जेवत नाही, कोणाला वादळात फक्त भात उतरतो, हे त्याला ठाऊक असायचं. तिथं त्याला कुणी पाहुणा म्हटलं नसतं. पायाखाली इंजिनाची थरथर असायची, झोपेतही असायची, आणि ती थांबली की अख्खं जहाज जागं व्हायचं. इथं या घरात फ्रिज घरघरत घरघरत अचानक थांबायचा आणि तो दचकून उठून बसायचा. काय बिघडलं, असं वाटायचं. काहीच बिघडलेलं नसायचं.

गेल्याच्या आधीच्या पावसाळ्याच्या शेवटी तो कायमचा घरी आला. संध्याच्या नोकरीचं एक वर्ष उरलं होतं. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. ते एक वर्ष संपलं की मग बघू, दोघं कुठं जाऊ, काय करू, असं त्यांचं बोलणं व्हायचं. बोलणं कसलं, ती बोलायची आणि तो ऐकायचा. पहाटे चारला त्याला आपोआप जाग यायची आणि तो स्वयंपाकघरात जाऊन भांडी काढायला लागायचा. ती आतून म्हणायची, “इथं बावीस जणांचा नाष्टा न्हाई करायचा. झोपा.” तो डबे हलवायचा, सोयीनं लावायचा, ती काही न बोलता ते परत आपापल्या जागी ठेवायची. जगभरच्या लोकांना जेवू घालणाऱ्या माणसाला त्याच्या बायकोनं आपल्या ओट्याला हात लावू दिला नाही, हे तो गमतीनं फोनवर मुलीला सांगायचा, पण त्यात थोडं लागलेलंही असायचं. दोघं एकमेकांच्या सवयींना अडखळत होते, आणि ते अडखळणं थोडं सैल होऊ लागलं तोच, होळीच्या आधी, एका सकाळी ड्यूटीवर निघताना केस बांधता बांधता ती पलंगावर टेकली. “जरा पाणी द्या,” म्हणाली. तो पाणी घेऊन आला तेव्हा तिची मान एका बाजूला झाली होती आणि पिन अजून बोटांत होती. आयुष्यभर माणसं वाचवण्याच्या जागी काम केलेली बाई घरातून दवाखान्यापर्यंतही पोचली नाही.

फोन वाजला तेव्हा तो अजून खुर्चीतच होता. मुंबईच्या एजंटच्या ऑफिसातला ओमप्रकाश बोलत होता. एका जहाजाचा चीफ कुक आजारी पडून उतरला होता, बदली माणूस तातडीनं हवा होता, सिंगापूरहून चढायचं होतं. “कॅप्टन ग्रीक है, रत्नपाल भाई. आपका नाम उसीने लिया. बोला, वो इंडियन जो बीन सूप बनाता था, वो मिलेगा क्या.” रत्नपाल आपलं वय, मेडिकल, असं काहीतरी पुटपुटला. ओमप्रकाश म्हणाला, मेडिकलचं मी बघतो, एक चक्कर मुंबईची, बस. “चार बजे तक बता दो. नहीं तो दूसरा भेज देंगे.” फोन ठेवल्यावर रत्नपालला अंगात कसलीशी ऊब चढल्यासारखी वाटली. जगाच्या पाठीवर कुठंतरी एक माणूस त्याचं नाव घेत होता, आणि भिंतीपलीकडच्या मुलीला ते माहीत नव्हतं. त्यानं मनात बॅग भरायला सुरुवात केली. सुऱ्यांचं गुंडाळं कुठं ठेवलंय ते आठवलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की गेलं वर्षभर त्यानं काही शिजवलेलंच नाही. औंढा रोडच्या एका खानावळीतून डबा येत होता. सकाळचा अर्धा डबा रात्री. आपल्या हाताला अजून काही येतं का, हे न बघता आपण त्या कॅप्टनला काय तोंड दाखवणार, असा विचार त्याच्या मनात आला, आणि तो उठून स्वयंपाकघरात गेला. सूप करायचं. घरात असेल त्यात, आत्ता. जमलं तर हो म्हणायचं.

डब्यांवर नावं नव्हती. संध्याला गरज नव्हती. जागा म्हणजेच नाव. स्टीलच्या एकसारख्या डब्यांची रांग होती आणि ती मेल्यापासून त्यानं चहा-साखरेपलीकडं त्यातलं काही उघडलं नव्हतं. एकेक झाकण काढायला त्याला संकोच वाटला, दुसऱ्याच्या घरी कपाट उघडल्यासारखा. हरभऱ्याची डाळ. तीळ. उडीद, त्यात एक-दोन किडे. शेंगदाण्याचा कूट होता, तो खवट झाला होता. त्याचा वास नाकात शिरला आणि त्याला जाणवलं, हा कूट तिनं केलेला आहे, तिच्या हातानं भाजून, सोलून. त्यानं झाकण परत लावलं आणि डबा होता तिथंच ठेवला. पांढरा राजमा, जो जहाजावर पोत्यानं यायचा, तो इथं असण्याचा प्रश्नच नव्हता. पण एका डब्यात चवळी निघाली, काळ्या डोळ्याची, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली, अजून चांगली. यानिस म्हणायचा, ही पण चालते, आणि हिला रात्रभर भिजवायचीही गरज नसते. गरिबाला घाई असली की ही.

यानिस त्याचा पहिला चीफ. ग्रीसमधल्या कुठल्याशा लहान बेटावरचा, जाडजूड, गुडघेदुखीनं डुलत चालणारा म्हातारा. समुद्र खवळला असला की चुलीवरचा टोप दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्यांनी अडकवून ठेवायचा आणि त्याच्याकडं बघत उभा राहायचा, गुरं पाण्यावर नेलेल्या माणसासारखा. ते सूप त्यानं रत्नपालला शिकवलं तेव्हा दोघांची मिळून इंग्रजी पन्नास शब्दांची असेल. पहिलं उकळलेलं पाणी फेकून द्यायचं. मग कांदा, गाजर, सेलरी नावाची ती वासाची पानं आणि दांडे, टोमॅटो, तमालपत्र. फोडणी नाही. मसाला नाही. सगळं एकत्र शिजवायचं, आणि तेल शेवटी, वरून, कच्चं, चांगलं सढळ हातानं. रत्नपालनं पहिल्यांदा चमचाभर चाखलं आणि त्याला वाटलं, हे आजाऱ्याचं खाणं आहे. यानिसनं त्याचं तोंड बघितलं आणि हसला. खुणांनी, तुटक शब्दांत सांगितलं, की त्याच्या गावी उपासतापासाला हेच असतं, लढाईच्या वर्षांत तर नुसतं हेच होतं, तेही तेलाशिवाय. त्याची आई टोपात चमचा फिरवताना मोजत असायची, दाणे नव्हे, पोरं. त्यावर रत्नपालला आपली आई केशरबाई आठवली होती. पावसाळ्यात काम नसलं की ती चवळीच्या घुगऱ्या करायची, मीठ आणि लसूण एवढंच, आणि पातेलं चुलीवरून उतरवून मधोमध ठेवून स्वतः पाणी आणायला निघून जायची. हे यानिसला सांगायला त्याच्यापाशी शब्द नव्हते. त्यानं नुसती मान हलवली. नंतर कितीतरी जहाजांवर कितीतरी शुक्रवारी त्यानं ते सूप केलं, ग्रीक अधिकारी पाव बुडवून बुडवून खायचे, कुणी डोळे मिटून खायचा, कुणी उठून गॅलीत येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून जायचा.

चवळी त्यानं ओतली ती सगळीच ओतली. डबा उपडा करून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. हाताला कमी करणं येतच नव्हतं. मोठा कुकर माळ्यावर होता, तो काढला. पहिलं पाणी उकळून फेकलं. कांदे चिरायला घेतले तेव्हा संध्याची सुरी बोथट वाटली आणि त्यानं बॅगेतून स्वतःची काढून आणली. पहिले दोन कांदे ओबडधोबड झाले, तिसऱ्याला मनगट सैल झालं आणि मग सुरी आपली आपण चालायला लागली. ते बघून त्याला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटतंय हे कुणाला सांगायला नाही हेही त्याच झटक्यात जाणवलं. डब्याबरोबर कच्चं खायला आणलेली गाजरं, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबं फ्रिजमध्ये होती. सेलरी कुठून येणार. कोथिंबिरीचे दांडे बारीक चिरले, आणि मग मागच्या दारी कुंडीत पानओवा आहे हे त्याला आठवलं. जाड, लुसलुशीत, केसाळ पानांचं ते रोप होतं. संध्या त्याला न विसरता पाणी घालायची. खोकल्यासाठी ठेवलं असेल, अशी त्याची समजूत होती. त्यानं चार पानं खुडली. बोटांना उग्र वास लागला आणि तो वास, काय आश्चर्य, गॅलीतल्या वासाच्या अगदी जवळ जाऊन पोचत होता. तमालपत्र तिच्या मसाल्याच्या डब्यात सापडलं. झाकण लावलं. गॅस मोठा केला. मग तो ओट्याला टेकून उभा राहिला.

या स्वयंपाकघरात त्यानं हे सूप करायचं धाडस कधी केलं नव्हतं. केलं होतं ते जुन्या भाड्याच्या खोलीत, आकांक्षा शाळेत जायला लागली त्या वर्षीच्या सुट्टीत, एकदाच. मुंबईहून येताना पांढरा राजमा आणि ऑलिव्हच्या तेलाची बाटली घेऊन आला होता. सकाळपासून त्याची धावपळ चाललेली. ती पानं मात्र नाही मिळाली, आणि दिवसभर तो तेच म्हणत होता, ती पानं असती तर खरी मजा होती, त्यांच्याशिवाय हे काही खरं नाही. आकांक्षानं एक घास घेतला आणि तोंड पुसलं. संध्यानं खाल्लं. “चांगलं आहे,” म्हणाली, आणि तो आवाज त्याला ओळखू आला. दुखणार नाही हं, असं इंजेक्शनच्या आधी पेशंटला सांगायचा तो आवाज होता. अर्धी थाळी तिनं तशीच ठेवली, आणि रात्री त्याला न कळवता लेकीला तिखट-मीठ-भाकरी चुरून दिली. त्यानं ते अर्धवट झोपेत पाहिलं आणि कूस बदलली. पण त्या दिवशी त्यानं मनात एक दार लोटून घेतलं. जहाज जहाजापाशी, घर घरापाशी. त्यानंतर तिकडच्या कुठल्याच गोष्टी त्यानं फारशा सांगितल्या नाहीत, आणि तिनं विचारल्या तर “असतंय तसंच,” एवढंच म्हणायचा. कधीतरी समुद्राच्या मधोमध, जमीन चारही बाजूंना हजार कोस लांब असताना, टोपात ते पांढरे दाणे वरखाली होताना बघून त्याला वाटायचं, आपल्या आयुष्यातली ही एक वस्तू अशी आहे जिची आपल्या घरात कुणालाच ओळख नाही.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. वाफ जिरू दिली. झाकण उघडलं तेव्हा चवळी मऊ झाली होती पण फुटली नव्हती, रस्सा दाट झाला होता, केशरी रंग आला होता. घरात ऑलिव्हचं तेल नव्हतं. करडईचं होतं, तेच त्यानं वरून सोडलं, आणि ते रस्स्यावर सोनेरी ठिपक्यांनी पसरलं. लिंबू पिळलं. चमच्याच्या टोकानं चाखलं, गालात धरलं, गिळलं. बराबर होतं. यानिसनं मान डोलवली असती. आता फोन उचलायचा आणि ओमप्रकाशला हो म्हणायचं, एवढंच उरलं होतं.

“भाऊ, काय शिजून राहिलं?” मागच्या दारातून जिवनबाई आत डोकावली. पदर डोक्यावरून नीट घेत उंबऱ्यातच थांबली. ती संध्याच्याच वॉर्डात आया होती, गेल्या वर्षी निवृत्त झाली होती. “वास आला म्हणून आले. आमच्या घरापर्यंत येऊन राहिला.”

“या. काही न्हाई, चवळी केली थोडी.”

कुकरमध्ये बघून ती म्हणाली, “ही थोडी व्हय? एवढं कोण खाणार?” मग वाकून वास घेतला, त्याच्याकडं बघितलं, पुन्हा कुकरकडं. “पानओवा घातला का यात?”

“घातला. तुमाला कसं कळलं?”

तिनं नुसता हात पुढं केला. वाटीत त्यानं चमचाभर वाढून दिलं. तिनं फुंकर मारून तोंडात घातलं आणि तिचा चेहरा एकदम हलला. “हे तर सिस्टरचं जहाजाचं वरण,” ती म्हणाली.

“कुणाचं?”

“सिस्टरचं. वॉर्डात आमी असंच म्हणायचो. जहाजाचं वरण.” त्याचा चेहरा बघून ती थबकली. “तुमाला ठावं न्हाई?”

रत्नपालनं नकारार्थी मान हलवली. जिवनबाई स्वयंपाकघरातल्या पाटावर बसली, वाटी तशीच हातात धरून. “तुमी सुट्टी संपवून गेले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सिस्टरच्या डब्यात हेच. दर खेपेला. आमी म्हणायचो, काहून ओ सिस्टर, अशी फिक्की चवळी खाता? ना तिखट, ना फोडणी. मी एकदा म्हणलं, थोडा काळा मसाला तरी टाका. तर म्हणे, जिवनबाई, मसाला टाकला का मग ते ते ऱ्हात न्हाई. तिकडं आज हेच शिजलं असंल, म्हणे.”

“अन् ती पानं?”

“ती माझ्याच तांड्यावरून नेली की. मला विचारे, कोणती तरी वासाची पानं लागतेत यात, जाड दांड्याची, तुमच्या तिकडं असतेत का. मला काय ठावं कोणती. मी चार-पाच पाले आणून दिले, तिनं एकेक टाकून पाहिला. हा बराबर लागला म्हणे.”

रत्नपाल ओट्याकडं तोंड करून उभा राहिला. तिला कसं कळलं बराबर लागला ते, असं त्याच्या मनात आलं. तिनं ती पानं कधी चाखलीच नव्हती. “तिला आवडायचं?” त्यानं विचारलं.

जिवनबाई हसली. “कशाचं आवडतंय. औषध घ्यावं तसं खायची. नाक मुरडायची अन् खायची. पण डबा पुसून न्यायची, एक दाणा ठेवायची न्हाई.”

“मला कधी बोलली न्हाई.”

“बोलायचं काय त्यात,” जिवनबाई म्हणाली. तिनं वाटीतलं संपवलं, उठून वाटी विसळली आणि घरच्यांसाठी एक पातेलंभर मागून घेतलं. जाताना दारात थांबून म्हणाली, “भाऊ, तुमी असं रोज काही करत जा. घरातून वास आला का बरं वाटतंय.” मग ती गेली. तिच्या चपलांचा आवाज भिंतीपलीकडं गेला आणि थांबला.

चार वाजायला वेळ होता. तो तिथंच पाटावर बसला. त्याला आनंद झाला होता का? आत काहीतरी हललं होतं आणि जागेवर यायला तयार नव्हतं. इतकी वर्षं. त्याला वाटत होतं, तो निघून गेला की या घरातलं पाणी त्याच्यावरून मिटून जातं. चांगली चादर कपाटात जाते, साबण डबीत जातो, दिवस पुन्हा आपल्या वाटेला लागतात. आणि इथं ती बाई न आवडणारं सूप डब्यात भरून वॉर्डात नेत होती. मग तो कायमचा घरी आला त्या महिन्यांत तिनं ते एकदाही का केलं नाही, की सांगितलंही नाही? कदाचित तो समोर असताना त्याची गरज नव्हती. कदाचित लाज वाटली असेल. कदाचित, आणि हे त्याला सगळ्यात जास्त टोचलं, ती वाट बघत होती की हा कधीतरी आपणहून लोटलेलं दार उघडेल. आणि तो पहाटे चारला उठून तिचे डबे हलवत बसला. हे आता कुणाला विचारायचं. आकांक्षाला फोन लावावासा वाटला. लावलाही. ती मीटिंगमध्ये होती, हळू आवाजात म्हणाली, “पप्पा, स्वेटर मिळालं का? बसतंय का? मी संध्याकाळी करते.” तो म्हणाला, हो, बसतंय. स्वेटर अजून पाकिटातच होतं.

मग त्यानं त्या जहाजाचा विचार केला. सिंगापूरला चढायचं, शिडीवरून वर जाताना खाली पाण्याची फट, गॅलीतला तो कोंदट गरम वास, पायाखालची थरथर, पहिल्याच शुक्रवारी सूप. कॅप्टन येऊन पाठीवर थाप मारेल. हात अजून चालतो, हे तर आज कळलंच होतं. पण सूप टोपात उकळत असताना मागं, जमिनीवर, हिंगोलीत, कुणी म्हणणार नव्हतं की तिकडं आज हेच शिजलं असेल. इतके दिवस तो समुद्रावर होता म्हणजे कुठून तरी लांब होता. आता चढला तर तो कशापासूनही लांब असणार नव्हता. नुसता पाण्यावर असणार होता. हे त्याला अगदी साधेपणानं दिसलं, खिडकीतून रस्ता दिसावा तसं, आणि त्यात रडण्यासारखंही काही नव्हतं.

त्यानं ओमप्रकाशला फोन लावला. “नहीं होगा भाई. किसी और को भेज दो,” म्हणाला. पलीकडून “ठीक है,” आलं, मागं दुसरा फोन वाजत होता, आणि कनेक्शन तुटलं. एवढ्यात झालं. त्याला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती धरत नव्हती.

भूक लागली होती. खानावळीचा डबा दारात येऊन पडला होता, तो त्यानं उघडला नाही. एक थाळी घेतली आणि सूप वाढलं. वाढताना त्याच्या लक्षात आलं की हे त्यानं जन्मात कधी पोटभर खाल्लेलं नाही. जहाजावर तो चाखायचा, चमच्याच्या टोकानं, उभ्यानं, मीठ बघण्यापुरतं. आणि मग रात्री उशिरा बाकीच्या भारतीय पोरांबरोबर वरण-भात खायचा. त्या भाड्याच्या खोलीतही वाढायचं काम त्याचं होतं. इतक्या लोकांना इतकी वर्षं वाढलेलं हे सूप त्यानं स्वतःसाठी कधी थाळीत घेतलंच नव्हतं. तो खाली मांडी घालून बसला. पहिला घास घेतला. मिळमिळीत होतं. कच्च्या तेलाची चव जिभेवर बसत होती, लिंबाचा आंबटपणा मागून येत होता, आणि गाजराचा गोडवा चवळीशी काही केल्या जुळत नव्हता. त्यालाही ते आवडलं नाही. त्याचं नाक आपसूक आक्रसलं. समोरच्या रांगेत काळ्या मसाल्याचा डबा कुठला हे आज त्याला ठाऊक झालं होतं, हात लांबवला असता तर पोचला असता. त्यानं हात लांबवला नाही. घास घोळवत, गिळत, मधेच थांबत तो खात राहिला. थाळी रिकामी झाल्यावर ती बोटानं पुसून घेतली, आणि वाकून कुकरमधून पुन्हा वाढून घेतलं.